रायचूर–सोलापूर

३१ जुलै २०१२च्या दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची ग्रिड कोसळली. साठ कोटींच्या आसपास लोकांची वीज गेली, रेल्वेगाड्या वाटेत अडकल्या. बंगळुरात आमच्या प्रयोगशाळेतले पंखे मात्र फिरत होते. दक्षिणेची ग्रिड तेव्हा वेगळी होती. चंद्रपूरकडच्या भद्रावतीतून किंवा तालचेर–कोलार वाहिनीवरून वीज यायची ती डीसी होऊन, त्यामुळे तिकडचे हेलकावे इकडे पोचत नसत. ‘बरं झालं, आपण वेगळे आहोत,’ असं त्या आठवड्यात बऱ्याच जणांनी बोलून दाखवलं.

मला ते पटलं नाही. मी सोलापूरची. भारनियमनाच्या वर्षांत यंत्रमागांची खडखड मध्येच बंद पडायची आणि कामगार हात पुसत ओट्यावर येऊन बसायचे. जेवढा वेळ माग बंद, तेवढी मजुरी बुडाली. एकीकडे वीज शिल्लक असावी आणि ती पोचवायला वाट नसावी, हे मला तेव्हापासून खुपतं.

३१ डिसेंबर २०१३ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि सगळा देश एकाच ग्रिडवर आला. ही गाठ माझ्या गावाशी बांधली गेली, याचा मला अभिमान आहे. पण आता धक्केही सगळ्यांचे. २०१२मध्ये बिना–ग्वाल्हेर वाहिनी ट्रिप झाली, तिचा भार इतरांवर पडला आणि एकेक करत त्याही गेल्या. अशी साखळी वेळीच ओळखायची, यात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली.

दोन दूरच्या उपकेंद्रांच्या व्होल्टेजमधला कोन वाढत चालला, की मधल्या वाहिन्यांवर ताण येतोय असं समजायचं. हे कोन उपग्रहाच्या घड्याळावर, एकाच क्षणी मोजणारं पीएमयू १९८८मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये तयार झालं, ग्वाल्हेरात जन्मलेल्या अरुण फडके यांच्या प्रयोगशाळेत. जुन्या यंत्रणेत काही सेकंदांनी एक आकडा यायचा, हे सेकंदाला पंचवीस-पन्नास नोंदी देतं. असा आलेख मी पहिल्यांदा उघडला तेव्हा एक संच ट्रिप झाल्यावर फ्रिक्वेन्सीची रेघ घसरलेली, थरथरलेली आणि हळूहळू पन्नास हर्ट्झकडे सावरत आलेली दिसली. जुन्या नोंदींत ती थरथर नव्हतीच. त्या दिवशी मी संशोधनाचा विषय बदलला.

आता प्रश्न कर्नाटकातल्या पावगड्याचा आहे. तिथल्या सौर उद्यानाची क्षमता २,०५० मेगावॉट. शरावतीच्या जलविद्युत केंद्रात टर्बाइनसोबत फिरणारा जड रोटर फ्रिक्वेन्सी घसरताच आपल्या गतीतली ऊर्जा देऊन पहिले काही क्षण तोलून धरतो. सौरपॅनेलला फिरणारं काहीच नाही, ते काम इन्व्हर्टरला शिकवावं लागतं. त्यात ग्रिडवर दोष आला, तर जनित्र क्षणभर पाचपट प्रवाहही देऊ शकतं. इन्व्हर्टर दीडपटीच्या पुढे करपतो, म्हणून त्याला आधीच आवरावं लागतं, आणि आवरलं की तो आधार द्यायचा थांबतो. माझा विद्यार्थी सध्या इथेच अडला आहे. शोधनिबंधाची तारीख जवळ आली तरी घाई करू नकोस, असं मी त्याला बजावलं आहे.