राजाचा हिरा, बंडखोराचा हिरा

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे कालपरवापर्यंतच्या औरंगाबादला, जाणारा प्रवासी वेरूळ-अजिंठ्यासाठी जातो. ज्याला तेवढी सवड नसते तो बिबी-का-मकबरा आणि पाणचक्की पाहून, एखादी हिमरू शाल बगलेत मारून परततो. मी मात्र तेथे हिऱ्यांचा माग काढीत हिंडलो असे सांगितले, की ऐकणारे माझ्याकडे जरा काळजीनेच पाहतात. मराठवाड्याच्या काळ्या खडकात हिऱ्याची खाण नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण हिऱ्यांची वाट या गावावरून जात असे, आणि त्या वाटेचा आजच्या एका जागतिक भांडणाशी संबंध आहे. तो कसा, तेच सांगायचे आहे.

आरंभ मकबऱ्यापासून करू. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर. तिचे बांधकाम चालू असताना ताव्हेर्निये नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्याकडे निघाला होता. वाटेत त्याला संगमरवराने लादलेले तीनशे गाडे दिसले. त्यांतल्या सर्वांत लहान गाड्यालाही बारा बैल जुंपलेले होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. आपण प्रवासी त्या संगमरवराकडे बघत बसतो. मला मात्र त्या गाड्यांना वाट देत रस्त्याच्या कडेला उभा राहिलेला जवाहिऱ्या दिसू लागला. हा गृहस्थ निघाला होता हिरे घ्यायला. त्या काळी साऱ्या जगाला हिरे पुरवणाऱ्या खाणी प्रामुख्याने हिंदुस्थानातच होत्या, आणि त्यांतल्या नामांकित खाणी गोवळकोंड्याच्या कुत्बशाही मुलखात, कृष्णेच्या खोऱ्यात होत्या.

ताव्हेर्नियेने त्या खाणी डोळ्यांनी पाहिल्या. कोल्लूरला त्या वेळी बायका-मुले धरून साठ हजारांच्या आसपास माणसे खपत होती. रावलकोंड्याच्या खाणीत कसबी कामगाराला वर्षाला मिळत तीन होन. पन्नास मजुरांवर बारा ते पंधरा पहारेकरी, कारण पोटाची आग विझवायला एखादा खडा तोंडात टाकून गिळला जाण्याची धास्ती. आणि प्रत्येक खरेदीवर राजाचा शेकडा दोन टक्के हक्क! राजाचे दोन टक्के चुकते केले, की हिरा शुद्ध झाला. तीन होनांचा हिशेब कोणी मांडीत नसे.

या हिऱ्यांनी लढायाही घडवल्या. गोवळकोंड्याचा वजीर मीर जुमला हा स्वतः हिऱ्यांचा मोठा व्यापारी. कुत्बशहाशी त्याचे बिनसले. औरंगजेब त्या वेळी दख्खनचा सुभेदार होता आणि याच गावात मुक्काम टाकून होता. गावाला आपले नावही त्याने याच सुभेदारीत दिले. त्याने मीर जुमल्याला आपलेसे केले आणि १६५६ साली गोवळकोंड्यावर फौज घातली. मीर जुमल्याने पुढे शहाजहानला एक अफाट हिरा नजर केला. औरंगजेबाच्या खजिन्यात ताव्हेर्नियेने १६६५ साली तो हाती घेऊन तोलला, तेव्हा तो सुमारे २८० कॅरट भरला. १६८७ साली गोवळकोंडाच मोगलांच्या घशात गेला. या साऱ्या व्यवहारात किती माणसे मेली असतील? पण त्या हिऱ्याला कोणी रक्ताचा हिरा म्हटले नाही. तो बादशहाचा हिरा होता.

आता या साऱ्याचे निमित्त सांगतो. ते अगदी घरगुती आहे. या शहरात राहणाऱ्या माझ्या भाचीचे लग्न ठरले आणि अंगठीची खरेदी माझ्याकडे आली. भाचीने एकच अट घातली : "मामा, हिरा लहान चालेल, पण तो कुठून आलाय ते विचारून घ्या. त्याच्यापायी कुणाचे हात तुटलेले नकोत."

हात तुटलेले, हे तिने उगाच म्हटले नव्हते. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन देशात १९९१ पासून २००२ पर्यंत यादवी चालली. तेथल्या बंडखोरांनी हिऱ्यांच्या खाणी बळकावल्या, हिरे शेजारच्या लायबेरियातून बाहेर काढले, त्या पैशातून बंदुका आणल्या आणि गावोगावच्या गरीब माणसांचे हात कोयत्याने तोडले. अंगोलातही बंडखोरांची तिजोरी हिऱ्यांवरच भरत होती. संयुक्त राष्ट्रांनी १९९८ साली अंगोलाच्या आणि २००० साली सिएरा लिओनच्या चोरट्या हिऱ्यांवर बंदी घातली. पण हिरा ही मोठी चमत्कारिक वस्तू. मुठीत मावतो, कुत्र्याला वास येत नाही, आणि दहा गावांचे खडे एका पुडीत मिसळले की ब्रह्मदेवालाही निवडता येत नाहीत.

म्हणून मे २००० मध्ये हिरे पिकवणारे आफ्रिकी देश किंबर्ली या दक्षिण आफ्रिकेतल्या जुन्या खाणीच्या गावी जमले. सरकारे, व्यापारी आणि मानवी हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्था यांची बोलणी अडीच वर्षे चालली आणि १ जानेवारी २००३ पासून 'किंबर्ली प्रक्रिया' अमलात आली. तिचा मतलब सोपा आहे. कच्चा हिरा देशाबाहेर जायचा, तर तो मोहरबंद पेटीतूनच गेला पाहिजे आणि सोबत सरकारी दाखला पाहिजे. त्यावर क्रमांक, वजन, किंमत, पाठवणारा आणि घेणारा. दाखला नसलेला माल कोणी घ्यायचा नाही. आज ऐंशीहून अधिक देश या नियमाने बांधलेले आहेत. भारत आरंभापासून त्यात आहे. २००८ आणि २०१९ साली अध्यक्षपदही भारताकडे होते. ते साहजिकच आहे. खाणी आटल्या तरी पैलू पाडण्याची विद्या आपल्याकडेच राहिली. आफ्रिकेतला खडा मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात उतरतो, सुरतेत घासला जातो आणि पुन्हा जगभर जातो.

ही सारी माहिती डोक्यात भरून मी भाचीसह सराफ्यात गेलो. जुन्या शहरातली ती गल्ली, गादीवरचे वयस्कर शेटजी, चहाचा आग्रह. शेटजींनी मखमलीवर अंगठ्या मांडल्या. प्रत्येकीसोबत प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र. वजन, रंग, निर्मळपणा, घडण, सारे लिहिलेले.

"आणि हा निघाला कुठल्या खाणीतून?" भाचीने विचारले.

शेटजी मिशीतल्या मिशीत हसले. "ताई, हा सुरतेचा माल."

"सुरतेला खाण आहे?"

शेटजींनी तो प्रश्न रागाने घेतला नाही. त्यांनी चष्मा काढला आणि सरळ सांगितले, "हे बघा, तो सरकारी दाखला कच्च्या मालाबरोबर येतो आणि कारखान्याच्या दारात संपतो. पुढं बिलावर व्यापारी एक ओळ लिहून देतात, की माल सचोटीचा आहे, लढाईचा नाही. ती ओळ एकाकडून दुसऱ्याकडे येत राहते. माझ्यापर्यंत येते ती एवढीच. चाळीस वर्षं गादीवर बसतोय, पण हे विचारणारी तुम्ही पहिलीच. चार जण विचारायला लागले, तर मीही वरच्या व्यापाऱ्याला विचारीन."

खरेदी त्या दिवशी झाली नाही. शेटजींनी सुरतेला चौकशी करण्याचे कबूल केले आणि आम्ही दुसऱ्या दिवशी खुलताबादला गेलो.

खुलताबाद शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर, दौलताबादचा घाट चढून गेल्यावर लागते. एवढ्याशा गावात दोन कबरी आहेत. एक औरंगजेबाची : उघडी, मातीची, साधी. दुसरी मलिक अंबरची. हा अंबर मूळचा हबसाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. पोरवयात गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० साली खडकी हे गाव त्याने वसवले. तेच आजचे हे शहर. नहरींचे पाणी त्याने आणले, भडकल दरवाजा त्याने उभारला. आफ्रिकेतून माणूसच माल म्हणून येत होता, त्या काळातला हा माणूस.

त्या दोन कबरींच्या मध्ये मला किंबर्लीच्या नियमातली खरी मेख उमगली. नियमात युद्धाचा हिरा कोणाला म्हणायचे? जो बंडखोरांनी कायदेशीर सरकार उलथवण्यासाठी विकला, त्यालाच. आता मोगलांच्या लेखी मलिक अंबर कोण? बंडखोर! जहांगीराने तर अंबरच्या भाल्यावर टोचलेल्या मस्तकाला आपण बाण मारीत आहोत, असे चित्र काढवून घेतले. प्रत्यक्षात अंबर १६२६ साली म्हातारा होऊन मेला. समजा, अंबरने एखादा हिरा विकून फौजेचा पगार भागवला असता, तर तो हिरा किंबर्लीच्या तराजूत नापास. आणि गोवळकोंडा लुटून आणलेला बादशहाचा हिरा? पास! मोहरेसकट पास.

ही केवळ इतिहासातली गंमत नव्हे. २००८ साली झिंबाब्वेमधल्या मारांगे येथे खुद्द सरकारच्या सैन्याने खाणीवर पोट भरणाऱ्या लोकांवर गोळ्या झाडल्या. दोनशेहून अधिक माणसे मेल्याचे मानवी हक्कांच्या संस्थांनी नोंदवले. थोडी वर्षे खळखळ झाली आणि २०११ साली त्या हिऱ्यांना परवानगी मिळाली. ही प्रक्रिया उभी करण्यात पुढे असलेली 'ग्लोबल विटनेस' ही संस्था त्याच वर्षी वैतागून बाहेर पडली. २०२२ साली रशियाने युक्रेनवर चाल केली, तेव्हा हिऱ्यांच्या पैशाचा प्रश्न पुन्हा आला. पण किंबर्लीत प्रत्येक निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यायचा, आणि रशिया तर सदस्यच! अखेर श्रीमंत देशांनी २०२४ पासून स्वतंत्रपणे बंदी घातली.

म्हणून किंबर्ली फुकट गेली असे मी म्हणणार नाही. पूर्वी काहीच विचारले जात नव्हते. आता निदान पेटीला मोहर लागते आणि बंडखोराला माल खपवणे जड जाते. सिएरा लिओनच्या बंडखोरांना साहाय्य करणारा लायबेरियाचा अध्यक्ष चार्ल्स टेलर २०१२ साली पन्नास वर्षांच्या शिक्षेला गेला, आणि त्या खटल्यात हिऱ्यांचा हिशेब निघाला. एवढेही लहान नाही. पण हा नियम राज्यकर्त्यांनी केला, आणि राज्यकर्त्यांनी केलेला नियम राज्यकर्त्यांकडे बोट दाखवीत नाही. वर्षाला तीन होनांवर राबणाऱ्या माणसाचा रकाना ताव्हेर्नियेच्या काळी कोणत्या वहीत नव्हता. आजच्या दाखल्यावरही नाही.

तो रकाना कोणी भरायचा? मला वाटते, आरंभ दुकानाच्या अलीकडच्या बाजूने व्हायला हवा. दिवाळी झाली की लग्नसराई सुरू होईल. वाचकांपैकी कोणी सराफाच्या पेढीवर बसेल, चहा येईल, मखमल उलगडेल. रंग विचारा, वजन विचारा, घासाघीसही अवश्य करा. त्याबरोबर एवढेही विचारा, की हा कोणत्या मातीतून निघाला आणि काढणाऱ्याला काय मिळाले. उत्तर कदाचित मिळणार नाही. पण शेटजी म्हणाले तसे, चार जणांनी विचारायला हवे.