चिखल किती, डांबर किती

पिकअपला ऑल-टेरेन टायर घ्यावेत की मड-टेरेन, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, गाडी शेवटची रुतली कधी? ‘तशी रुतली नाही अजून, पण पावसात माळशेजला जायचंय,’ असं उत्तर येतं. माळशेजला डांबर आहे.

*

दुकानातल्या बोलीत एटी आणि एमटी. एटीची नक्षी मध्यम. ठोकळे जवळजवळ, आणि त्यांच्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा. एमटीचे ठोकळे जाडजूड आणि सुटे सुटे, मधल्या खाचांत बोट सहज जाईल, वर ठोकळ्यांची रांग खांद्यावरून उतरून टायरच्या बाजूच्या भिंतीपर्यंत आलेली. चाक फिरताना रुंद खाचांतला चिखल बाहेर फेकला जातो आणि पुढच्या फेरीला ठोकळा पुन्हा मोकळा मिळतो. एमटीचं सगळं शास्त्र एवढंच. त्याच्या बदल्यात टायर जड, डिझेल जास्त, काँक्रीटवर झीज लवकर, आणि साठच्या पुढे गेलं की केबिनमध्ये भुंगा शिरल्यासारखा आवाज. घोडबंदर रस्त्यावर साठ गाठायची सोय नसल्याने हा आवाज ठाणेकरांच्या फारसा कानावर आला नसावा.

*

ज्यांची पिकअप खरोखर राबते ते या वादात नसतातच. वाद घालतात ते व्ही-क्रॉसवाले, २०२२ पासून हायलक्सवाले, आणि पिकअप नसूनही हिरिरीने बोलणारे थारवाले. थार तर कारखान्यातूनच एटीवर येते.

पहाटे कल्याणच्या बाजार समितीबाहेर बोलेरो पिकअप लागलेल्या असतात. वाकून पाहिलं तर पुष्कळांना पुढे रिब, मागे लग. रिब म्हणजे चाकाभोवती फिरलेल्या सरळ धारा, त्याने स्टिअरिंग हलकं राहतं आणि गाडी आपली रेघ सोडत नाही. लग म्हणजे आडव्या जाड पट्ट्या. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना, तेव्हा ओढायचं काम त्यांच्याकडे. ट्रकवाल्यांची ही जुनी रीत. परदेशी कंपन्यांनी एटी नावाचा मधला मार्ग काढला, आपल्या चालकांनी एकाच गाडीत दोन स्वभावांचे टायर लावून तोच प्रश्न सोडवला. आता रेडियलमध्ये दोन्हींच्या मधली नक्षी मिळते आणि चारही चाकांना तीच लावणारे वाढलेत.

या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न नक्षीचा नसतो. ‘माल किती सोसेल?’ आणि ‘नंतर रबर चढेल ना?’ रबर चढवायचं तर आतलं केसिंग शाबूत हवं. म्हणजे टायर पार गोटा होईपर्यंत पळवणारा काटकसरी माणूस शेवटी तोट्यात जातो.

*

रुंद खाचा म्हणजे पावसात पकड चांगली, हा समज पक्का बसलाय. तो अर्धा खरा आहे. रस्त्यावर पाणी साचलं असेल तर खोल खाचा ते बाहेर काढतात आणि टायर पाण्यावर तरंगायला उशीर लागतो. पण ठाण्यापासून कल्याणपर्यंत जून ते सप्टेंबर रस्ता बहुतेक वेळ नुसता ओला असतो. डांबरावर पाण्याचा पातळ थर, त्यात सांडलेलं तेल, सिमेंटची धूळ, मेट्रोच्या कामाचा राडा. तिथे कामाला येतात त्या बारीक चिरा आणि जमिनीला टेकलेलं रबर. एमटीत दोन्ही कमी. शिवाय ठोकळे उंच, म्हणून ब्रेक दाबला की ते आधी लवतात. गाडी थांबते, पण जिथे थांबायला हवी होती तिथून पुढे जाऊन.

आणि पुढे कोण असतं? स्कूटरवाला. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणमध्ये खड्ड्यांनी पाच बळी घेतले. दुचाकी खड्ड्याला बिचकते, घसरते, माणूस रस्त्यावर पडतो आणि मागून जड वाहन येत असतं. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की टायरची जाहिरात वेगळ्याच नजरेने वाचली जाते. जाहिरातीतली पिकअप नेहमी एकटी असते, दगडावर चढलेली. आपली पिकअप कल्याणच्या पत्रीपुलावर असते, पुढे स्कूटर, मागे रिक्षा.

म्हणून माझं मत एटीकडे झुकतं, आणि तेही ओल्या रस्त्यावर चांगला थांबणारा एटी पाहून. एटी-एटीतही फरक असतो. काही नावाला एटी, दिसायला एमटीचे धाकटे भाऊ. ठोकळ्यांवर चिरा आहेत का आणि त्या किती खोल आहेत, ते दुकानातच बघावं. वरवर मारलेल्या चिरा अर्ध्या आयुष्यात पुसून जातात.

*

कल्याण-शीळ रस्त्यावरचं एक टायरचं दुकान. लिफ्टवर पिकअप, खाली पोऱ्या स्क्रू ड्रायव्हरने एमटीच्या खाचांतली खडी उचकटतोय. टक, टक, एकेक खडा पत्र्याच्या डब्यात. एका खाचेतून पेव्हर ब्लॉकचा तांबडा तुकडा निघाला, दुसरीतून गंजका स्क्रू. स्क्रू निघाल्यावर पोऱ्याने तिथे थुंकी लावली आणि बुडबुडा येतो का पाहिलं. नाही आला. एवढ्या जाड रबराचा हा फायदा मात्र कबूल करायला हवा, खिळे-स्क्रू सहसा आतपर्यंत पोचत नाहीत.

गाडीचा मालक तरणाबांड, काउंटरवर रेलून. ‘शेठ, याच्यापेक्षा जाड बटणांचा नाही का?’

‘आहे ना. शेतावर जाते का गाडी?’

‘शेतावर टॉवर झाले, शेठ.’

शेठ हसले नाहीत. ‘मग एटी घे. लग्नाच्या वरातीत तोही छान दिसतो.’

*

कोणता चिखल, हेही विचारायला हवं. मुरबाड-शहापूरच्या भातखाचरांत वरचा चिखल ढोपरभर असला तरी खाली, वर्षानुवर्षांच्या चिखलणीने घट्ट बसलेला, कडक थर असतो. एमटीचे ठोकळे वरचा लगदा कापून त्या थरापर्यंत जातात आणि तिथे पाय रोवतात. एटीच्या खाचा अशा जागी पहिल्या दोन-चार फेऱ्यांत लिंपल्या जातात आणि टायर गुळगुळीत होतो.

खाडीचा गाळ उलटा. डोंबिवलीच्या मोठागाव रेतीबंदराकडे किंवा मुंब्र्याच्या खाडीकाठी गाळाला तळच लागत नाही. तिथे एमटी जितका खणेल तितकी गाडी खाली जाते, एक्सल टेकेपर्यंत. अशा ठिकाणी हवा कमी करून टायर पसरवायचा आणि एक्सलरेटर हलका ठेवायचा. खरं तर अशा ठिकाणी गाडी न्यायचीच नाही.

मग एमटी कुणी घ्यावा? ज्याचं पोट त्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर आहे त्याने. पावसाळ्यात डोंगराकडेच्या पाड्यांवर विजेचे खांब आणि तारा पोचवणारा ठेकेदार, फार्महाऊसच्या कच्च्या वाटेवर रोज माल टाकणारा, रानातून लाकूड काढणारा. त्याची गाडी फोर बाय फोर असेल तर आणखी बरं. आणि जुलैत गोव्याला रेनफॉरेस्ट चॅलेंजला उतरणाऱ्यांनी. २०१४ पासून तिथे गाड्या चिखलात बुडवायची हौस रीतसर भागते.

*

माळशेजचा विषय निघालाच आहे तर. ओतूर-आळेफाट्याकडून कांदा-भाजी भरून पिकअपा घाट उतरून कल्याणला येतात आणि रिकाम्या परत चढतात. धोका भरलेल्या गाडीचा जास्त, असं वाटतं. भरलेली गाडी थांबायला जड हे खरं, पण मागच्या चाकांवर वजन असल्याने ती बसलेली असते. रिकामी पिकअप मागून हलकी. पाटे कडक, चाकं उडतात, आणि मालासाठी भरलेली पन्नासच्या वरची हवा तशीच असते. टायर मधोमध तेवढा टेकतो. धुक्यात ओल्या वळणावर जरा एक्सलरेटर दाबला की मागचा भाग बाहेर. जाणते चालक हौद्यात वाळूची दोन-चार पोती टाकून ठेवतात. त्या पोत्यांनी जो फरक पडतो तो नक्षी बदलून पडणार नाही.

*

कल्याण-मुरबाड रस्त्यावर उल्हास नदीवरचा रायते पूल जोराच्या पावसात पाण्याखाली जातो. त्या वेळी टायर कोणताही असो, गाडी अलीकडे. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी हलवतं आणि दोन फूट पाणी मोठीही नेतं. मोठे टायर त्यात भर घालतात, शेवटी ते हवेने भरलेले फुगेच.

*

टायरच्या कडेला ‘एम प्लस एस’ असा शिक्का असतो. मड आणि स्नो. विक्रेता तो बोटाने दाखवतो. नक्षीची ठेवण पाहून कंपनीच हा शिक्का मारते, त्यासाठी चिखलात परीक्षा द्यावी लागत नाही. त्यापेक्षा त्याच कडेचे चार आकडे वाचावेत. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. रविवारीच बाहेर पडणाऱ्या गाडीचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो, रबर कडक पडतं आणि ओल्या रस्त्यावर घसरायला लागतं. नक्षी मात्र नव्यासारखी दिसत राहते. एमटीत तर नव्या नक्षीची खोलीच पंधरा मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे संशयही येत नाही.

कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर. खाचेच्या तळाशी बारके उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. एमएच ०४ असो की एमएच ०५, पासिंगपुरते कुणाचे तरी बरे टायर चढवायचे आणि परत येऊन उतरवायचे, ही युक्ती चालकांच्या गप्पांत हसत हसत सांगितली जाते.

*

‘एक साइज मोठा टाकू का?’ हा पुढचा मोह. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास तीन सेंटिमीटरने वाढतो, साधारण सव्वाचार टक्के. काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टने चाललेली असते. गिअर जड वाटतो, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासतो. कंपनीने ठरवलेल्या रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती ठासून सांगितली. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस टेप घेऊन येतो तेव्हा हे कलम आठवतं. त्याच मापात एटी मिळत असेल तर वाकडी वाट धरायचं कारण नाही.

*

टायर या भागाला परका नाही. तुरीनमध्ये १९२४ साली जन्मलेली सीएट १९५८ मध्ये इथे आली आणि भांडुपला, ठाण्याच्या वेशीवर, कारखाना थाटून बसली. तिच्याच अंबरनाथच्या कारखान्यात शेतीकामाचे दांडगे टायर बनतात. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये टायरच्या पोटात घालायचं रेयॉनचं सूत निघतं. लोकलच्या दारात उभं राहून नाक दाबत शहाड ओलांडणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की हा वास काही अंशी युरोपातल्या भारी गाड्यांच्या चाकांचा आहे!

*

जुन्या टायरांचं काय होतं? काही पंक्चरवाल्याच्या टपरीवर पडून राहतात, पाणी साठतं, डेंग्यूचे डास होतात आणि महापालिकेचा माणूस नोटीस देऊन जातो. काही चाळीच्या पत्र्यावर वाऱ्याला वजन म्हणून. काही वाड्याकडच्या भट्ट्यांत तेल काढायला, जिथल्या धुराविरुद्ध आसपासचे गाववाले सतत तक्रारी करत असतात. एमटी लवकर झिजतो, म्हणजे ही वाटही लवकर धरतो.

*

पैसे कमी आहेत आणि दोनच टायर घ्यायचेत, तर नवे कुठे? आपल्याकडे हात आपोआप पुढच्या चाकांकडे जातो, स्टिअरिंग तिकडे म्हणून. टायर कंपन्या मागे लावायला सांगतात आणि त्यांचं बरोबर आहे. पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते आणि हाताला लगेच कळतं. मागचं घसरलं तर गाडी फिरते, कळेपर्यंत दुभाजक आलेला असतो. फोर बाय फोरला मात्र चारही एकदम बदलायचे. नव्या-जुन्यांच्या घेरात फरक राहिला तर त्याचा ताण पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या ट्रान्स्फर केसवर जातो आणि ते काम टायरपेक्षा महाग पडतं. एक एटी, एक एमटी अशी खिचडी तर फोर बाय फोरमध्ये अजिबात नको. आणि स्टेपनी त्याच मापाची, त्याच जातीची. ती बहुधा जुनीच राहते, कारण दुकानदार चार टायरांचं बिल करून मोकळा होतो. पाचवा आपणच आठवणीने मागायचा.