माझे एक लाल कार्ड

माणसाने आयुष्यात कोणकोणती कामे पत्करू नयेत याची एक यादी मी मनाशी करून ठेवली आहे. दुसऱ्याचे लग्न जुळवणे, भावाभावांच्या वाटणीत मध्यस्थी करणे, मित्राच्या कवितांना प्रस्तावना लिहिणे, ही त्यातली ठळक कामे. १८९१ पासून, म्हणजे पेनल्टी आणि पंचाची शिट्टी या दोन्ही गोष्टी मैदानावर स्थिरावू लागल्यापासून, फुटबॉलच्या पंचाचे कामही या यादीत बसते असे माझे मत आहे; आणि हे मत मी पुस्तक वाचून बनवलेले नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि त्यावर चित्रकलेची पदविका. चित्रकलेच्या मास्तरला काम नसते अशी प्रत्येक शाळेची एक गोड समजूत असते. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या खेळाच्या मास्तरांना मतदार याद्यांच्या कामाला जुंपले, आणि आंतरशालेय सामन्यांसाठी प्रत्येक शाळेने एक पंच द्यावा असे पत्र आले, तेव्हा मुख्याध्यापकांची नजर साऱ्या शिक्षकांवरून फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. लहानपणी मी थोडाफार खेळलो होतो, एवढेच माझे भांडवल.

नागपूरला फुटबॉल नवा नाही. शेजारच्या कामठीला १८२१ मध्ये इंग्रजांची छावणी बसली, आणि त्या गावाला या खेळाचे वेड किती आहे हे रब्बानी क्लबचा सामना ज्याने कामठीकरांच्या गर्दीत उभे राहून पाहिला असेल त्याला सांगायला नको. इकडे मोतीबागेत रेल्वेचे मैदान आहे. हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या विजय बारसे यांनी भर पावसात झोपडपट्टीतली पोरे फुटकी बादली लाथाडताना पाहिली आणि २००१ मध्ये त्या पोरांसाठी स्पर्धा सुरू केली. पुढे २०२२ मध्ये त्यावर ‘झुंड’ हा चित्रपट आला, तेव्हा साऱ्या देशाला ते कळले. आम्हीही लहानपणी अनवाणीच खेळलो. अनवाणी खेळात एक न्याय आपोआप होतो: जो लाथ घालतो त्याचाही अंगठा सुजतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले आणि फ्रान्सशी २-१ ने हरले, तरी लोकांनी त्यांचे कौतुक केले. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने १० गोल घातले, आणि मग मात्र आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. बुटाला खिळे आले, आणि खिळ्यांबरोबर पंचाचा खरा ताप सुरू झाला.

सामन्याच्या आदल्या रात्री मी नियमांचे पुस्तक घेऊन बसलो. त्यातला बारावा नियम फाउलचा. समोरच्याच्या पायातून चेंडू काढून घेताना खेळाडू चुकला, तर त्या चुकीच्या तीन पायऱ्या तिथे दिल्या आहेत. मला त्या आमच्या चित्रकलेच्या वर्गातल्यासारख्या वाटल्या. एखाद्या पोराचे लक्ष नव्हते आणि कोपर लागून पाण्याचा डबा सांडला, तर तो निष्काळजीपणा. त्याला फक्त फ्री किक. शेजारी मुलगा बसला आहे हे ठाऊक असूनही ब्रश झटकला, तर ती बेपर्वाई. तिला पिवळे कार्ड. आणि अख्खा डबाच उचलून भिरकावला, तर ते गरजेपेक्षा जास्त बळ, दुसऱ्याच्या जिवाशी खेळ, त्याला लाल. पंचाने पाहायचे ते काय? पोरगा किती वेगाने आला, किती अंतरावरून आला, एक पाय घातला की दोन्ही, पाय जमिनीवर होता की हवेत, गुडघा ताठ होता की वाकलेला, बुटाचे खिळे कुठे वळले होते, आणि स्वतःच्या अंगावर त्याचा ताबा होता की नव्हता. मी खूश झालो. हे तर रेखाटनच! कोन, उंची, तोल. वीस वर्षे मी मुलांना दुसरे काय शिकवतो आहे?

कार्डे मात्र कुणी दिली नाहीत. मी ड्रॉइंगच्या जाड कागदाचे दोन तुकडे कापले, एकाला पिवळा पोस्टर रंग दिला, एकाला लाल, आणि खिशात घातले. ही कार्डांची कल्पनाही एका शाळामास्तराचीच. केन ॲस्टन हा इंग्लंडमधला शिक्षक. १९६२ च्या विश्वचषकात चिली आणि इटली यांच्या ज्या सामन्यात खेळाडू एकमेकांना अक्षरशः तुडवत होते, त्याचा पंच तोच होता. १९६६ मध्ये जर्मन पंचाने अर्जेंटिनाच्या रॅटिनला बाहेर जायला सांगितले, आणि भाषा कळत नाही म्हणून तो मैदान सोडीना. त्या गोंधळानंतर लंडनमध्ये मोटार चालवताना ॲस्टनला रस्त्यावरचा दिवा दिसला: पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांब. १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात कार्डे आली. त्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही निघाले नाही, हे मला फार सुंदर वाटते. माझे मात्र पहिल्याच सामन्यात निघाले.

दुसऱ्या डावात पाऊस भुरभुरत होता. आमच्याकडची काळी माती पावसात कशी होते हे विदर्भाबाहेरच्या वाचकाला सांगून पटणार नाही. ती बुटाला धरते आणि सोडत नाही. नऊ नंबरचा पोरगा चेंडू घेऊन कडेने सुटला होता. चार नंबरचा, नागनदीकाठच्या वस्तीतला एक काटकुळा बॅक, बाजूने घसरत आला. एक पाय, जमिनीलगत, गुडघा वाकलेला. चेंडू त्याच्या बुटाला लागून रेषेबाहेर गेला हे मी स्पष्ट पाहिले, आणि थ्रो-इनची खूण करायला हातही उचलला. तेवढ्यात वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला.

नऊ नंबरचा पाय नडगीत मोडला होता. पोरगा ओरडला नाही. त्याची आई ओरडली. मैदानाच्या चारी बाजूंनी माणसे आत धावली. आणि माझा उचललेला हात, जो रेषेकडे दाखवायला निघाला होता, तो वाटेतच वळून खिशात गेला.

चार नंबर चिखलात बसून माझ्याकडे बघत होता. “बॉललेच मारलं न जी, सर,” तो म्हणाला. “त्याले नाही मारलं मी.” मी कार्ड वर धरले. पावसाने रंग सुटला होता. तो माझ्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला, आणि सदऱ्याच्या खिशावरचा डाग पुढे कितीही धुतले तरी गेला नाही. सदरा मी शेवटी फरशी पुसायला दिला.

इथपर्यंतची चूक कुणाही नवशिक्या पंचाची. पुढची मात्र खास माझी. सामन्यानंतर समितीला अहवाल द्यायचा असतो. नियमाप्रमाणे मी दोन ओळी लिहायला हव्या होत्या: कुठे, कितव्या मिनिटाला, कोणत्या पायाने. पण माझ्या हातात पेन आले की मी कादंबरीकार होतो. मला माणसांच्या मनातले लिहायची सवय. मी लिहिले, की आपल्या संघावर गोल होणार या वैतागाने क्रमांक ४ च्या खेळाडूने प्रतिस्पर्ध्याच्या पायावर हेतुपुरस्सर आघात केला. वाक्य चांगले झाले आहे असेही तेव्हा वाटले. समितीने ते वाचले आणि मुलाला दोन वर्षे स्पर्धेबाहेर काढले. तो नववीत होता. नववी आणि दहावी. म्हणजे त्याचा शाळेतला फुटबॉल तिथेच संपला.

नंतर कधीतरी वाचताना मला कळले की ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द १९९५ मध्येच त्या नियमातून निघाला आहे. पूर्वी लाथ मारणे, पाडणे हे मुद्दाम केले असेल तरच फाउल धरायचे, आणि पंचाने खेळाडूच्या मनात डोकवायचे. ते जमत नाही हे ओळखून नियम करणाऱ्यांनी मन बाजूला ठेवले आणि फक्त पाय ठेवला: कृती निष्काळजी होती का, बेपर्वा होती का, बळ फाजील होते का. ‘आधी चेंडूला लागले’ या सबबीलाही आता फारसा अर्थ उरलेला नाही; चेंडू मिळाला तरी दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा पाय घातला तर लालच. पण चार नंबरचा पाय तसा नव्हता. मी त्याचे मन तपासले आणि नऊ नंबरचे हाड तपासले, आणि ज्याच्याकडे बघायला मला उभे केले होते तो पाय तेवढा सोडून दिला.

सप्टेंबरच्या अखेरीस आमच्या शाळेत एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेचे केंद्र होते. वस्तुचित्राचा पेपर संपल्यावर एक मुलगा काठी टेकत माझ्या टेबलाशी आला. मी ओळखले नाही. “सर, मी नऊ नंबर,” तो म्हणाला. मी पायाची चौकशी केली. तो बरा आहे म्हणाला, आणि मग चाचरत म्हणाला, “तुम्ही त्याले उगाच काढलं जी. माझा पाय आधीच गाळात फसला होता. तो लागलाच नाही मले.”

त्या रात्री मी समितीला दुसरे पत्र लिहिले. ते फार वाईट लिहिले गेले. एकही वाक्य धड नव्हते. दोनतीनदा खेटे घातल्यावर उत्तर मिळाले की खेळातल्या घटनांबाबत पंचाचा निर्णय अंतिम असतो, सबब फेरविचार करता येत नाही. आता तो पंच मीच, आणि निर्णय चुकला असे सांगणाराही मीच! पण नियम त्यांनी बरोबर सांगितला होता.

२०१९ च्या नोव्हेंबरात, ३ तारखेला, एव्हर्टन आणि टॉटनहॅमचा सामना मी पाहत होतो. सोन ह्युंग-मिनने मागून पाय घातला, आंद्रे गोमेसचा तोल गेला, तो दुसऱ्या एका खेळाडूवर आदळला आणि त्याचा घोटा भयंकर मोडला. पंच मार्टिन ॲटकिन्सन आधी पिवळ्यावर होते. जखम दिसली आणि कार्ड लाल झाले. त्या हाताचा प्रवास मला पाठ होता. सोन डोके धरून रडत बाहेर गेला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ते लाल कार्ड रद्द केले. आणि गोमेस फेब्रुवारीत पुन्हा खेळू लागला. एवढ्या मोठ्या पंचाचेही तसे होते, याचा मला त्या रात्री थोडा आधार वाटला, आणि आधार वाटला याची लाजही.

उलट चूकही होते. २०१० च्या अंतिम सामन्यात डी याँगचा बूट सरळ आलोन्सोच्या छातीवर बसला, आणि हॉवर्ड वेबने पिवळे दिले. मध्ये माणूस आल्यामुळे नीट दिसले नव्हते, नाहीतर लालच होते, हे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितले. आता मोठ्या सामन्यांत पडद्यावर पुन्हा पाहता येते. २०१८ च्या विश्वचषकापासून तर ते सर्रास झाले. पण त्यातही एक गंमत आहे, आणि ती चित्रकाराला चटकन कळावी. चालते चित्र थांबवले की प्रत्येक पाय खुनी दिसतो. बेल्जियममधल्या लूव्हेनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की तीच चित्रफीत सावकाश दाखवली तर पंच जास्त कडक कार्ड काढतात. म्हणून बूट कुठे लागला एवढेच सावकाश पाहावे, आणि किती जोरात लागला हे नेहमीच्या वेगाने, असा दंडक आहे. आमच्या मैदानांवर कॅमेरा नाही. पण त्या दिवशीची ती घसरण मी गेली कित्येक वर्षे सावकाशच पाहत आलो आहे, आणि माझ्या बाबतीत उलटे होते. जितकी सावकाश पाहावी तितका तो पोरगा निर्दोष दिसत जातो.

यंदाच्या श्रावणात एका संध्याकाळी मैदानाच्या कडेला चहाला थांबलो होतो. आत मोठ्या मुलांचा सामना चालू होता. शेजारी मोटारसायकलला टेकून एक तरुण उभा होता. अंगात जेवण पोहोचवणाऱ्या कंपनीचा सदरा, पाठीवर चौकोनी पिशवी. त्याने माझ्याकडे दोनदा पाहिले.

“नमस्कार, सर. ओळखलं का जी?”

मी ओळखले होते. खेळतोस का, असे विचारले. रविवारी खेळतो म्हणाला; बॅकच. मग मी इतकी वर्षे मनात घोकलेले सारे सांगायला सुरुवात केली: पत्र, समिती, चिखल. मला वाटते ते फार लांबले. त्याने मध्येच मोबाइल काढून पाहिला, कारण पिशवीतले जेवण निवत होते. मग गाडीवर बसत त्याने मैदानाकडे मान वळवली.

“आज शिट्टी कोणाजवळ आहे, सर? तुमच्याजवळ नाही न?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग येतो जी मी तासाभरात,” तो म्हणाला, आणि गेला. मी आणखी एक चहा सांगितला.