जुन्या राजधानीच्या परिसरात

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, मध्य प्रदेशाची हद्द संपत येते त्या टोकाला मोहगाव हे आमचे गाव आहे. अर्धनारीश्वर महादेवाच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीतील भाविकांना ते ठाऊक आहे. दूरच्या वाचकांना मात्र सौसर, पांढुर्णा ही नावे सांगितल्यावरच त्याची दिशा उमगते. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि आमचा सौसर तालुका त्यात गेला. त्याआधी आम्ही छिंदवाड्याचे होतो. आणि त्याहीआधी, १९५६ पर्यंत, आमच्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि राजधानी भोपाळला गेली. तरीही आमची संत्री नागपूरच्या बाजारात जातात, आमचे आजारी नागपूरच्या दवाखान्यात जातात आणि आमच्या निम्म्या सोयरिकी तिकडच्याच आहेत.

असे असूनही त्या शहराभोवतीची स्थळे आम्ही कधी सावकाशीने पाहिली नव्हती. यंदा घरातील व शेजारची मिळून दहा-बारा मंडळी, त्यांत पाच मुले, असा दोन दिवसांचा बेत ठरला. मुले सगळी हिंदीतून शिकणारी. घरात मराठी बोलतात, पण मराठी पुस्तक हाती दिले की दोन ओळींत थबकतात. लिपी एकच असल्याने वाचता येते. वाचलेले आपले वाटत नाही, ही खरी अडचण आहे. या प्रवासातून त्यावर काही उपाय सापडेल, अशी आमची आशा होती.

सौसरहून नागपूरच्या वाटेवर हद्द ओलांडली की पहिले मोठे गाव सावनेर लागते. राम गणेश गडकऱ्यांनी येथेच २३ जानेवारी १९१९ रोजी देह ठेवला. वय अवघे तेहतीस वर्षांचे. ‘एकच प्याला’ तेव्हा रंगभूमीवर यावयाचा होता. ‘राजसंन्यास’ अपुरेच राहिले. कवितेत गोविंदाग्रज, विनोदात बाळकराम आणि नाटकांत स्वतःच्या नावाने, असा तीन नावांनी वावरलेला हा माणूस आमच्या गावापासून इतक्या जवळ निमाला. एस. टी.च्या खिडकीतून सावनेर शेकडो वेळा पाहिलेल्या आमच्यापैकी कित्येकांच्या हे ध्यानीही नव्हते. मंडळीतील एका आजोबांनी उभ्या उभ्याच सिंधू, सुधाकर आणि तळीराम यांची कथा मुलांना सांगितली. दारूच्या पायी उद्ध्वस्त झालेल्या घराची ती कथा मुले निमूटपणे ऐकत राहिली. तशी घरे त्यांच्या पाहण्यातली होती.

कथा संपल्यावर नऊ वर्षांच्या एका नातीने विचारले, “आजोबा, हे गडकरी आपले की महाराष्ट्राचे?”

प्रश्न निरागस होता, पण त्याने आम्हां मोठ्यांना विचारात पाडले. आजोबांनी शांतपणे उत्तर दिले, “बाळ, गडकरी गेले तेव्हा सावनेरही मध्य प्रांतात होते आणि आपले मोहगावही मध्य प्रांतातच होते. मधे हद्द नव्हतीच. त्यांचा जन्म तर गुजरातेत, नवसारीला झाला. मग आता तूच सांग, ते कोणाचे?” मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “ज्यांना त्यांचं नाटक वाचता येतं त्यांचे.” यावर अधिक भाष्य करण्याचे धाडस आम्हांपैकी कोणालाही झाले नाही.

सावनेरहून कळमेश्वरच्या बाजूस वळले की आदासा आणि धापेवाडा ही दोन क्षेत्रे लागतात. आदाशाच्या टेकडीवर गणपतीची भव्य पाषाणमूर्ती आहे. धापेवाड्याच्या नदीचे नाव चंद्रभागा, देवाचे नाव विठ्ठल. म्हणून त्यास विदर्भाचे पंढरपूर म्हणतात. आषाढीनंतर प्रत्यक्ष पांडुरंग येथे येतात अशी श्रद्धा आहे आणि त्या दिवसांत हद्दीच्या अलीकडूनही दिंड्या येतात. टाळ वाजवीत चालणाऱ्या माणसाला आपण कोणत्या राज्यातून कोणत्या राज्यात आलो, याची शुद्ध नसते. आपल्या मासिकाच्या गोमंतकीय वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. सोळाव्या शतकात श्रीमंगेशाचे लिंग कुशस्थळीहून नदीपार प्रियोळास नेले गेले. राज्य बदलले, काठ बदलला. कुळांचे कुलदैवत तेच राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच नागपूर सोडून आम्ही रामटेककडे निघालो. वाटेत कन्हान नदी लागली. ही आमच्या सातपुड्यातून, छिंदवाडा जिल्ह्यातून उतरते आणि नागपूरकरांची तहान भागवते, हे मुलांना सांगताच त्यांची छाती किंचित फुगली.

रामटेकच्या अलीकडे नगरधन आहे. आज जो किल्ला दिसतो तो बराचसा भोसलेकालीन. परंतु ही भूमी म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, असे विद्वान मानतात. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता येथे सून म्हणून आली आणि पती रुद्रसेन अकाली निवर्तल्यावर अल्पवयीन पुत्रांच्या वतीने तिने राज्य चालविले. अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा येथे सापडली. पंधराशे वर्षांपूर्वी एक स्त्री आपल्या नावाने मुद्रा उठवीत होती, हे ऐकून बरोबरच्या सुनांनी परस्परांकडे पाहिले ते आमच्या लक्षात राहिले.

रामटेकचा गड नागपूरहून सुमारे पन्नास किलोमीटर. वर श्रीरामाचे मंदिर, वाटेत प्रचंड वराह आणि वाकाटककालीन शिलालेख असलेले केवल-नरसिंहाचे मंदिर. प्रभावतीगुप्तेचा एक ताम्रपट रामगिरिस्वामीच्या पायाशी दिला गेला, असे त्यातच नमूद आहे. ‘मेघदूता’तील शापित यक्षाचा रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. अन्य स्थळांची नावे सुचविणारे पंडितही आहेत. तो वाद पंडितांवर सोपवू. गडावर कालिदासाचे स्मारक आहे आणि १९९७ पासून त्याच्याच नावाचे संस्कृत विद्यापीठ रामटेक येथे आहे.

आम्ही तटावर उभे राहिलो तेव्हा उत्तरेला डोंगरांच्या निळ्या रांगा दिसत होत्या. यक्षाने मेघाला सांगितलेला मार्ग याच दिशेचा: नर्मदा, विदिशा, उज्जयिनी. आजच्या नकाशाप्रमाणे ही तिन्ही नावे आमच्या राज्यातली. विरहाचा निरोप महाराष्ट्रातून निघाला आणि मध्य प्रदेशावरून पुढे गेला, असे एका मुलाने भूगोलाच्या तासाला शोभेलशा गांभीर्याने सांगितले, तेव्हा सगळेच हसले. हसता हसता आम्हांला एक गोष्ट उमगली. मुलांना आपली भाषा सरहद्दीपलीकडची, पाहुण्यासारखी वाटत होती. दोन दिवसांत तिची माणसे, तिचे देव आणि तिचे डोंगर त्यांनी पाहिले, आणि आपले गाव त्याच वाटेवर आहे हे त्यांना कळले.

तथापि सहलीने भाषा येत नाही. ती रोज वाचावी लागते. परत आल्यावर मंडळींनी एक लहानसा नियम केला आहे. दर एकादशीला संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात प्रत्येक मुलाने मराठीची दोन पाने मोठ्याने वाचावयाची, आणि अडलेला शब्द शेजारच्या वडीलधाऱ्याने सांगावयाचा. आतापर्यंत चार एकादशा झाल्या. पहिल्या खेपेस पाच मुले होती, चौथ्या खेपेस अकरा. हे किती दिवस टिकेल, ते मुलांपेक्षा आम्हां मोठ्यांवर अवलंबून आहे. कारण मुले वेळेवर येतात, उशीर होतो तो आमच्याकडून.

कोकणीसारखी भाषा निरनिराळ्या राज्यांत आणि निरनिराळ्या लिप्यांत जपणाऱ्या वाचकांकडे अशा प्रयत्नांचा अनुभव आमच्याहून मोठा असणार. त्यांनी मुलांसाठी काय वाचावे हे कळविल्यास आमच्या सभामंडपात ते आनंदाने वाचले जाईल. तूर्त पुढच्या एकादशीला गडकऱ्यांच्या बाळकरामाची पाळी आहे. मुलांना हसू आले, तर अर्धे काम झाले असे आम्ही समजू.