शेवटच्या बाकावरून

गंगाखेडला विज्ञान प्रदर्शन असले, की मी शेवटच्या बाकावर जाऊन बसतो. तेथून पडदा वाचता आला, तरच मुलांची मेहनत सगळ्यांपर्यंत पोचते. पण पुष्कळदा काय होते, सांगू? पडद्यावर बारीक अक्षरांच्या दहा-दहा ओळी येतात आणि मुले आमच्याकडे पाठ करून त्याच वाचून दाखवतात. आम्ही वाचावे की ऐकावे?

तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय बिघडते? कल्पना चावला तुम्हांला माहीत आहेत. १६ जानेवारी २००३ रोजी त्या 'कोलंबिया' यानातून अंतराळात गेल्या. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी या धोक्याविषयी स्लाइड तयार केल्या. त्यांतल्या एका स्लाइडचे शीर्षक धीर देणारे होते. आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घन इंचांचा आणि चाचणीतला तुकडा फक्त ३ घन इंचांचा, ही गोष्ट मात्र अगदी तळाशी होती. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटले. सातही अंतराळवीर गेले. यान फुटले ते पंखाला पडलेल्या भोकामुळे. तरीही चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाइडवर बोट ठेवले.

तेव्हा सर्वांत महत्त्वाचे ते वर, मोठ्या अक्षरांत लिहा. समजा, तुम्ही गोदावरीचे पावसाळ्यातले गढूळ पाणी घेतले आणि त्यात तुरटी फिरवली. मग 'आमचा प्रयोग' असे शीर्षक कशाला? 'तुरटीने गढूळ पाणी लवकर निवळते' असे पूर्ण वाक्य लिहा. खाली आधीचे आणि नंतरचे चित्र द्या. किती मिनिटे लागली तेही लिहा. परीक्षक विचारणारच, "पाणी नुसते ठेवले असते तर?" म्हणून बिनतुरटीचा ग्लासही पुढच्या स्लाइडवर असू द्या.

तुम्हांला आणखी एक काळजी घ्यावी लागेल. उर्दू उजवीकडून वाचतात, मराठी डावीकडून. 'आधी'चा ग्लास उजवीकडे काढणे तुम्हांला सहज वाटेल. पण मराठी वाचणाऱ्याची नजर डावीकडे पहिल्यांदा जाते. त्याला वाटेल, तुरटीने स्वच्छ पाणी गढूळ झाले! मध्ये एक ठळक बाण काढा आणि चित्रांखाली 'आधी', 'नंतर' लिहा.

आणि वीज? ती ऐन वेळी जाते. हीच चित्रे कार्डशीटवर काढून जवळ ठेवा. एका मुलीने असा तक्ता खिडकीच्या उजेडात धरला आणि बोलणे पुढे चालू ठेवले.