अंजीर कधी फळायचे?
(द्वितीय वर्ष, कला)

कोणाला कशाचा नाद लागेल, सांगता येत नाही. आमच्या वर्गात कोणाला नाटकाचा आहे, कोणाला क्रिकेटचा. मला अंजिराचा लागला.

आमचे गाव पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या पुढे. तिथे शेती म्हणजे स्ट्रॉबेरी. ऑक्टोबरच्या आगेमागे रोपे लावायची, डिसेंबरात तोडा सुरू. अशा गावात अंजीर लावणारा मी पहिलाच, आणि आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणाराही पहिलाच. दोन्ही बाबतींत घरात विचारावे असे कोणी नव्हते.

गेल्या वर्षी जानेवारीत सासवडजवळ मावशीकडे गेलो होतो. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे तिथल्या काकांनी असे सांगितले की जणू ते त्यांनाच मिळाले! तिकडे अंजिराचे दोन बहार धरतात. एक खट्टा आणि एक मीठा. उन्हाळ्यात येणारी मीठ्या बहाराची फळे अधिक गोड. निघताना काकांनी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या सहा काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून दिल्या. म्हणाले, “तुमच्या थंडीत काय होतंय ते बघ.”

काड्या पिशव्यांत लावल्या आणि पहिली चूक केली. मायेपोटी रोज पाणी घातले. तीन काड्या कुजल्या. उरलेल्या तिघींतली एक आईने तेलाच्या जुन्या डब्यात लावून चुलीमागच्या भिंतीशी ठेवली. दोन मी जूनमध्ये ओढ्याकाठच्या सखल जागेत लावल्या. तिथे पाणी जवळ, एवढाच माझा विचार! आमच्याकडचा पाऊस कसा, हे तुम्हांला सांगायला नको. ऑगस्टपर्यंत एकीच्या मुळाशी पाणी साचून ती गेली. दुसरीच्या पानांखाली तांबेरा पडला.

त्याच सुमारास माझा पहिल्या वर्षाचा निकाल लागला. इंग्रजीत राहिलो होतो. आण्णा रागावले नाहीत, तेच जास्त लागले. रात्री जेवताना एवढेच म्हणाले, “आपली स्ट्रॉबेरी चार म्हैन्यांत पैसं देती. तुजं अंजीर आन् तुजं बी.ए. कवा फळायचं रं? मजूर लावून परवडत न्हाई. दिवाळीपातुर बघ, न्हायतर वावरात ये.”

मी मान खाली घालून जेवलो. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात इंग्रजीचे पुस्तक मागायला गेलो आणि मराठी विश्वकोशाचा पहिला खंडही घेऊन बसलो. १९७६ सालचा हा खंड आपल्या वाईतच घडला, आणि ‘अ’ची कृपा अशी की अंजीर पहिल्याच खंडात! सुट्टीच्या दिवशी भिलारला जाऊन वाचू लागलो. २०१७ पासून ते पुस्तकांचे गाव आहे आणि आम्हांला चालत जाण्याजोगे आहे. वड, पिंपळ, उंबर ही अंजिराची भावंडे. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण उंबराचे फूल म्हणतो. अंजिराचेही तसेच. फुले असतात, पण ती फळाच्या पोटात.

थंडीविषयीही वाचले. थंड देशांत हिवाळ्यात झाडाला पेंढा, गोणपाट गुंडाळतात. कुंडीतले असेल तर आत घेतात. पाने गाळून झोपलेले अंजीर गोठणबिंदूखालची थोडी थंडीसुद्धा सोसते. जळतात ते अवेळी फुटलेले कोवळे शेंडे. हे वाचले तेव्हा उशीर झाला होता. ऑक्टोबरात मी ओढ्याकाठच्या झाडाला युरिया दिला होता, आणि ते कसे तरारले म्हणून गावभर सांगत होतो. डिसेंबरात एका पहाटे गवतावर पांढरे हिमकण दिसले आणि माझे शेंडे काळे पडले. थंड हवा जड असते, रात्री उतरून सखल जागेत साचते. जे चढावरच्या म्हाताऱ्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते, ते मला तेव्हा कळले.

पंधरा दिवसांत सारी पाने गळाली. मी खुरपे घेऊन उपटायला निघालो. आई मागून आली. तिने नखाने बुंध्याची साल किंचित खरवडली. आत हिरवेगार होते.

“जित्तं हाय की रं,” ती म्हणाली. “घाई कसली करतूस?”

दिवाळी तर कधीच उलटली होती. पण आण्णांनी वावराचा विषय काढला नव्हता आणि मीही आठवण करून दिली नाही. सकाळची एस.टी. गाठायच्या आधी रोज दोन तास तोडा करीत होतो. इंग्रजीची फेरपरीक्षाही दिली.

जानेवारीत पुन्हा कडाका पडला. पहाटे अंधारात बॅटरी घेऊन झाड पाहायला गेलो, तर त्यावर चार काठ्या रोवून घोंगडी घातलेली. घोंगडी आण्णांची होती. घरी आलो तेव्हा ते चुलीपाशी नुसत्या सदऱ्यावर शेकत बसले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, “पासाचं पैसं फळीवर ठेवल्यात.”

आता फेब्रुवारी संपत आला आहे. भिंतीजवळच्या डब्यातल्या झाडाला पाने आली. दिवसभर तापलेला दगड त्याला रात्री ऊब देत असावा. ओढ्याकाठच्या झाडालाही बुंध्यापासून दोन डोळे फुटले आहेत. पावसाआधी ते चढावर हलवायचे आहे. फळ अजून एकही नाही. इंग्रजीचा निकालही यायचा आहे.

परवा आण्णांनी विचारले, “ह्येला खत कवा द्यायचं?”

म्हटले, “आण्णा, अवंदा मी सांगतो तवा.”

ते हसले.