पदवीला रुग्णालयाचा शेजार हवा

यंदा पुतणीने जैववैद्यकीय अभियांत्रिकी शिकण्याचा निश्चय केला आणि आमच्या घरात सीमाप्रश्न नव्याने उभा राहिला. बोरगावास इचलकरंजी जवळ, बेळगाव दूर. तरी १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. बेळगावी १९९८ पासून विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. सीमाभागात शिकलेल्या मराठी भाषक मुलांसाठी महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशातही तरतूद आहे. दादांचा ओढा अर्थातच महाराष्ट्राकडे.

पुतणीने मात्र विचारले, "काका, यंत्रे रुग्णाच्या खाटेपाशी शिकायला कुठे मिळतील?"

खरा प्रश्न हाच. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेत अभियंते व शल्यचिकित्सक एकत्र राबले. म्हणूनच तेथे घडवलेली हृदयाची कृत्रिम झडप १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसविता आली. तेव्हा पालकहो, अर्ज भरण्यापूर्वी एवढे अवश्य विचारावे: महाविद्यालयाला रुग्णालय जोडलेले आहे काय? विद्यार्थी तेथे कोणत्या वर्षी जातात? तेथील उपकरणांची दुरुस्ती त्यांना पाहावयास मिळते काय?

आमच्या घरी आता हेच प्रश्न दोन्ही राज्यांतील महाविद्यालयांना विचारले जात आहेत. दादाही उत्तरे लिहून घेतात. मराठी आम्ही घरात जपली आहे; ती कोणत्याही वसतिगृहात पोरीसोबत जाईल. रुग्णालय मात्र सोबत नेता येत नाही.